कासवाचे पापुद्रे निघायलेत? दुकानदाराच्या नादी लागू नका

नांदेडात आमच्या घरी रेड इअर्ड स्लायडर आहे, तेच ते डोळ्यामागं लाल पट्टा असलेलं हिरवं कासव, फिश टँकच्या दुकानात सगळीकडं दिसतं ते. पोरीचं लई लाडकं. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याच्या पाठीवरचे पापुद्रे सुटायला लागले आणि पाण्याबाहेर येऊन अंग वाळलं की पांढरे डाग पण दिसायचे, म्हणून डब्यात घालून जिथनं घेतलं त्याच दुकानात नेलं. त्या बाबानं हातात सुद्धा घेतलं नाही, वरनंच बघून म्हणला, "दादा, शेल रॉट आहे, कवच सडायलंय, आठ दिवसात जाईल." पोरगी तिथंच रडायली. मग काय, अशा टायमाला कोण भाव करतंय?

एक शेल ऑइलची बाटली दिली, लेबल नाही, कंपनी नाही, तारीख नाही. वर एक निळा बल्ब, "यूव्हीबी आहे, इम्पोर्टेड". दीड हजाराच्या वर गेले आणि बिल मागितलं तर म्हणे प्रिंटर बंद आहे.

रोज तेल चोळलं तर टँकमधे तवंग, फिल्टरचा स्पंज चिकट झाला अन् डाग होते तिथंच. शेवटी परभणीला व्हेटर्नरी कॉलेजात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी कासव उलटं धरून पोटाकडची बाजू अंगठ्यानं दाबून बघितली, मग पाठीचा वास घेतला, मग त्या पांढऱ्या डागावर नखानं खरवडलं, तर पूड निघाली. "पाणी बोअरचं आहे का?" म्हणले. बादलीच्या कडंला बसतो तोच क्षार होता तो! तेच दुकानदारानं शेल रॉट म्हणून आम्हाला सांगितलं होतं.

अन् पापुद्र्याचं म्हणाल तर कासवाचं कवच असतं हाडाचं, त्यावर नखासारख्या केराटिनचे तुकडे असतात, कासव वाढायलं की त्या तुकड्यांचा वरचा थर सुटतो. अभ्रकासारखा पातळ, आरपार दिसणारा, आणि खालचं कवच स्वच्छ, कडक. ओढून काढायचा नाही, आपोआप पडतो. खरं सडत असेल तर खड्डा पडतो, दाबलं की मऊ लागतं, घाण वास येतो, खालनं पांढरं चिकट निघतं, नाहीतर पोटाकडची बाजू लाल होते. असलं काही दिसलं तर दुकानात नाही, सरळ डॉक्टरकडं. आणि तेल तर अजिबात लावू नका, त्यानं घाण अन् जंतू आतच अडकतात.

बल्बची तर निव्वळ थाप. यूव्हीबी म्हणजे उन्हातला साधारण २९० ते ३२० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश, तो डोळ्याला दिसतच नाही, त्यामुळं बल्ब निळा आहे म्हणून यूव्हीबी आहे असं काही नसतं, आमचा साधा एलईडी निघाला. त्या प्रकाशात कासवाच्या अंगात डी३ व्हिटॅमिन तयार होतं, ते नसलं तर खाल्लेलं कॅल्शियम लागू होत नाही अन् कवच मऊ पडतं. खिडकीच्या काचेतनं यूव्हीबी जवळपास येतच नाही. सकाळचं कोवळं ऊन द्या, पण अर्ध्या टबावर सावली पाहिजेच, आपल्याकडच्या मे महिन्यात उघड्यावर ठेवलं तर उकडून मरेल बिचारं.

परत दुकानात गेलो भांडायला. बल्बचे पैसे लई आवाज चढवल्यावर दिले. तेलाचं काढलं तर हळूच म्हणला, "ते कासव माझ्याकडं द्या, वर थोडे टाका, तुम्हाला असं देतो की त्याचे पापुद्रे निघतच नाहीत." आतनं एक टब आणला. त्यात कातडीच्या गुळगुळीत पाठीचं कासव, पोटाखाली मागच्या पायांवर झाकणं. म्हणजे आपल्या नदी-तळ्यातलं देशी फ्लॅपशेल. त्याच्या पाठीवर ते केराटिनचे तुकडेच नसतात, पापुद्रे निघतील कुठून! आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणं ते विकणं तर गुन्हा आहेच, घरात ठेवणाराही अडकतो. हे महाशय वर सांगायलेत, "लकी असतंय दादा, धंद्याला चांगलं."

बाहेर येऊन वनखात्याच्या १९२६ नंबरला फोन लावला, दुकानाचा पत्ता अन् टब आत कुठं ठेवलाय ते सगळं सांगितलं. तेलाचे पैसे काही मिळाले नाहीत.