जुन्या वाड्याचे सागवान सांगून माझ्या माथी मारलेली निलगिरी

मी परभणी जिल्ह्यातला शेतकरी असून गेली अकरा वर्षे कोणाकडेही न शिकता लाकडावर कोरीव काम करतो. ट्रकच्या पाट्यांपासून लोहाराने घडवून दिलेल्या पटाश्यांनी आधी बाभळीवर हात बसवला, मग कडुनिंब, शिवण आणि सागवानाकडे वळलो. एवढे लाकूड हाताळलेल्या माणसाचे ३९,१०० रुपये लाकडातच बुडाले, हे लिहिताना शरम वाटते. पण तीच जाहिरात अजून फिरते आहे, म्हणून लिहितो.

नांदेडच्या एका कुटुंबाने १५,००० रुपये विसार देऊन दसऱ्यापर्यंत सागवानी देव्हारा मागितला होता. वखारीत घनफुटाला ३,८०० रुपये भाव होता. त्याच आठवड्यात पैठणकडचा पडका वाडा उतरवत असल्याची चित्रफीत मोबाइलवर आली, भाव २,२०० रुपये. याला कोणी हाव म्हणू नये. दोन-तीन पिढ्या छताखाली वाळलेले सागवान कोरताना वाकत नाही, तडकत नाही, म्हणून प्रत्येक कोरीव काम करणारा ते शोधतच असतो. १४ घनफुटांचे ३०,८०० ठरले, त्यातले १२,००० मी लगेच पाठवले.

दुसऱ्या दिवशी विक्रेता फोनवर म्हणाला, "दादा, एकाही तुळईला खिळ्याचे भोक नाही, माल एकदम स्वच्छ आहे." हे वाक्य ऐकूनही मी थांबलो नाही, याची चीड आजही जात नाही. वाड्यातून उतरलेल्या तुळईला खिळ्यांची भोके, त्यांच्याभोवती गंजाचे काळे डाग आणि जोडाच्या खाचा असणारच. त्या नसतील तर ती तुळई कधी छताला लागलेलीच नाही. हे मला पक्के ठाऊक होते, पण कोरायला भोकाविना लांब फळी मिळणार याच आनंदात मी होतो. मग वनखात्याच्या पासचे, म्हणजे लाकूड वाहतुकीच्या परवान्याचे, म्हणून ४,५०० गेले. पासचा फोटो आला, त्यावर गाडीचा क्रमांक नव्हता. क्रमांक नसलेल्या पासवर एक रुपयाही देऊ नका.

टेम्पो रात्री दहाला भर पावसात आला. पैसे पोहोचल्याशिवाय ताडपत्री सोडणार नाही, असे चालकाने बजावले आणि मी उरलेले १८,८०० व भाड्याचे ३,८०० भरले. सकाळी पहिली पटाशी मारताच काजळी आणि जळक्या तेलाचा थर निघून खाली ओलसर, फिकट गुलाबी निलगिरी दिसली. सागवानाचा सोनेरी गाभा नाही, चामड्यासारखा वास नाही, हाताला तेलकटपणा नाही. आठ दिवसांत तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. तुळईचे टोक समोर ताजे कापून घ्या. सागवानाच्या वलयांतली मोठ्या छिद्रांची रांग साध्या डोळ्यांना दिसते. विक्रेत्याने पाठवलेल्या फोटोतले टोक दुसऱ्याच लाकडाचे असू शकते, माझ्या वेळी तसेच झाले.

पोलीस ठाण्यात मला तीन वेळा परत पाठवले. माल मिळाला आहे, म्हणजे वाद दिवाणी आहे, असे सांगितले. सागवानाच्या नावाने निलगिरी देणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधली फसवणूक नाही, तर मग काय आहे? १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार क्रमांक मिळाला, पण मी नवव्या दिवशी फोन केल्यामुळे विक्रेत्याच्या खात्यात काही उरले नव्हते. तुम्ही पहिल्या तासातच करा. बँकेने सांगितले की पैसे तुम्हीच पाठवले. वन कार्यालयात तर कहर झाला: खोटा पास दाखवायला गेलेल्या मलाच, लाकूड तुमच्या गोठ्यात आहे तर उत्तर तुम्हीच द्या, असे दरडावण्यात आले. ज्याने पासवरचा खोटा शिक्का बनवला त्याचा फोन क्रमांक मी कागदावर लिहून नेला होता. तो कागद कोणी हातातही घेतला नाही.

ठाण्यात तक्रार घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे ती पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा आणि पोच जपा. मी पाठवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगातही अर्ज केला आहे. स्वयंरोजगारासाठी घेतलेला माल तिथे चालतो आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मात्र विक्रेत्याचा खरा पत्ता लागतो, म्हणून पैसे देण्याआधी पत्ता आणि पावती घ्या.

नांदेडचा विसार मी परत केला. गेल्या आठवड्यात तीच चित्रफीत नव्या क्रमांकावरून पुन्हा आली. तिच्यात डावीकडे पाण्याचा निळा ड्रम आणि एका कोपऱ्यात मोडलेली दाराची चौकट दिसते.