दोनरंगी घड्याळ: दहा महिन्यांनंतर

सराफकाकांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "मॅडम, घड्याळाचं राहू दे. आधी पाटली बघा."

मी कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, गेले होते ते घड्याळाचं काम घेऊन. दिवाळीत घेतलेल्या स्टील-सोनेरी घड्याळाच्या चेनचा पिवळा रंग उडाला होता, मुलामा परत चढवता येईल का एवढंच विचारायचं होतं. त्याच हातात आईने दिलेली पाटली असते. तीच घासते म्हणून रंग जातो, अशी माझी इतके महिने खात्री होती. भिंगातून दिसलं ते उलटंच. पाटलीची घड्याळाकडची कड चपटी झालेली, नक्षीतले दोन मणी जवळजवळ सपाट, त्यावर बारीक समांतर ओरखडे. बावीस कॅरेट सोनं मऊ, स्टील कठीण. सोनं स्टीलला काय घासणार? 2025 मध्ये 10 ग्रॅम सोनं लाखावर गेलं, आणि मी रोज थोडं थोडं घासून टाकत होते. माझा जीव कळवळला.

म्हणून हे लिहितेय. आजकाल बऱ्याच जणी विचारतात की दोनरंगी घड्याळांची फॅशन परत आलीये का, घ्यावं का. फॅशन आलीये, यात मला शंका नाही. मी लहान असताना, 1990 च्या सुमाराला, काका मस्कतहून सुट्टीवर यायचे तेव्हा त्यांच्या मनगटावर असं घड्याळ असायचं. बाजूच्या कड्या स्टीलच्या, मधल्या पिवळ्या. नंतर कितीतरी वर्षं ते 'काकांचं घड्याळ' म्हणून मागे पडलं. मोठ्या परदेशी कंपन्यांकडे ही जोडी जुनीच आहे. रोलेक्सने तिच्यासाठी 'रोलेसोर' हे नाव 1933 मध्येच नोंदवलं, कार्तियेने 1978 मध्ये सान्तोस हे घड्याळ स्टील-सोन्यात आणलं. 2017 मध्ये कार्तियेचं पँथेर परत आलं, त्याच वर्षी ट्युडरने ब्लॅक बे दोन रंगांत काढलं, आणि 2019 मध्ये तर रोलेक्सचं खोल पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठीचं सी-ड्वेलरसुद्धा पिवळ्या सोन्याच्या कड्यांसह आलं. ती घड्याळं आपल्या खिशातली नाहीत, पण तीच ढब आता आपल्याकडच्या दुकानांत दहा-बारा हजारांत मिळते.

मी 12,400 ला घेतलं. कारण फॅशन नव्हतं, पाटली होती. पिवळ्या दागिन्यांशेजारी नुसतं स्टील उपरं वाटतं आणि पूर्ण सोनेरी घड्याळ कॉलेजात शिकवायला जाताना भडक. दोनरंगी दोन्हीकडे जुळतं. हे मत आजही बदललेलं नाही. वेळ चोख, वजन बेताचं, पावसाळ्यात काचेत वाफ धरली नाही. त्यावर अजून लिहिण्यासारखं काही नाही.

लिहायचंय ते लॉकशेजारच्या कड्यांबद्दल. पाचव्या महिन्यात बारावीचे पेपर तपासताना पहिल्यांदा लक्षात आलं. मनगट टेबलावर टेकतं तिथल्या तीन कड्यांच्या कडांना पांढरट रेघ. पुढच्या दोन महिन्यांत मधल्या कडीचा अर्धा चेहरा स्टीलचा झाला. डायलभोवतीचं कडं मात्र आजही नव्यासारखं पिवळंधमक. सर्व्हिस सेंटरला तीन चकरा मारल्या. पहिल्या खेपेला "वरिष्ठांना विचारतो", दुसऱ्या खेपेला "परफ्यूम लागला असेल", तिसऱ्या खेपेला वॉरंटी कार्डाच्या मागची बारीक अक्षरं: रंग आणि पट्टा वॉरंटीत धरलेला नाही. पूर्ण चेन बदलायचे 4,600 सांगितले. घड्याळाच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त! मी तिथे आवाज चढवला, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. विकताना "सोनेरी" म्हणायचं आणि झिजल्यावर "रंग" म्हणायचं, हे कुठल्या हिशोबात बसतं?

इथे एक गोष्ट समजून घ्या, मला ती उशिरा कळली. महागड्या दोनरंगी घड्याळात मधली कडी पुष्कळदा 18 कॅरेटची भरीव असते, म्हणजे 75 टक्के सोनं. तिच्यावर ओरखडा गेला तरी खाली सोनंच दिसतं. आपल्या दरातल्या घड्याळात असतो तो पीव्हीडी थर. निर्वात पेटीत धातूची वाफ करून तो स्टीलवर बसवतात. पिवळा रंग पुष्कळदा टायटॅनियम नायट्राइडचा असतो, त्यात सोनं असेलच असं नाही. हा थर चिवट खरा, पण जाडी एक-दोन मायक्रॉन, फार तर पाच. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉनचा असतो. कडेवर टेबल रोज घासलं की थर जातो आणि पांढरं स्टील उघडं पडतं. पाटली निर्दोष होती. दोष टेबलाचा आणि माझ्या बसण्याच्या सवयीचा.

सराफकाका म्हणाले, मुलामा चढवून देतो पण चार-सहा महिन्यांवर टिकायचा नाही. पैसे घालवू नका. त्यांनीच महाद्वार रोडजवळच्या बोळातल्या एका घड्याळजींकडे पाठवलं. आजोबांनी चेन उलटी करून पाहिली आणि विचारलं, "घेताना चेन लहान केली होती ना? काढलेल्या कड्या कुठायत?"

कड्या घरी होत्या. कपाटात, बिलाच्या पाकिटात, प्लॅस्टिकच्या पुडीत पाच कड्या, एकदम कोऱ्या. दुसऱ्या दिवशी नेऊन दिल्या. त्यांनी बारीक पंचने पिना ठोकून काढल्या, झिजलेल्या तीन कड्या उतरवल्या, तीन कोऱ्या बसवल्या. दहा मिनिटं, ऐंशी रुपये. सर्व्हिस सेंटरमधल्या एकालाही तीन चकरांत हे सुचलं नाही, की सांगायचं नव्हतं?

लॉकची पट्टी अजून पांढरीच आहे, ती तशीच राहणार. घेणार असाल तर दुकानात डायल बघत बसू नका. चेन उलटी करा, लॉकच्या कडा नखाने चाचपा, रंगाला वॉरंटी आहे का ते कार्डावर लिहून घ्या, आणि काढलेल्या कड्या मागून घ्या. पेपर तपासताना घड्याळ आता काढून ठेवते. पाटली उजव्या हातात गेलीये. खडूची धूळ बसते, पण ती धुतली की जाते. पुडीत अजून दोन कड्या शिल्लक आहेत.