दहा मीटर एअर रायफल: पेलेटचा कोणता डबा घ्यावा?

रायफल घेण्याआधी माणूस सहा महिने दहा जणांना विचारतो, आणि पेलेट, म्हणजे तिच्यातून मारायच्या शिशाच्या छोट्या गोळ्या, मात्र दुकानदार काउंटरवर ठेवील तो डबा उचलून आणतो. मीही तेच केलं होतं. वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज असो की दादरचं सावरकर स्मारक, मुलाला किंवा मुलीला नुकतंच नेमबाजीला घातलेल्या पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: "ते जर्मन पेलेट घ्यायलाच हवेत का हो?" उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून हे लिहिलं.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. दुकानात टोकदार आणि गोल डोक्याचे पेलेटही मिळतात. स्पर्धेसाठी ते नकोत. आपल्याला सपाट डोक्याचे, म्हणजे वाडकटर हवेत. टोकदार पेलेट कागद फाडत जातो, सपाट डोक्याचा पंचिंग मशीनसारखा गोल तुकडा काढतो. कागदी टार्गेटवर रेषेला लागलं की नाही यावरून वाद होतो तेव्हा हा फरक कळतो. कॅलिबर 4.5 मिलिमीटर, यात पर्यायच नाही.

आता देशी पेलेट. स्वस्त आहेत आणि कुठेही मिळतात. स्प्रिंगची साधी रायफल, ओपन साइट (नेम धरायची साधी खाच) आणि पहिले तीन-चार महिने असतील तर खुशाल वापरा. तेव्हा उभं कसं राहायचं, श्वास कुठे थांबवायचा, ट्रिगर कसा दाबायचा हेच शिकायचं असतं. अडचण येते ती एकसारखेपणाची. आमच्या नात्यातले एक काका झवेरी बाजारात सोन्याचं काम करतात. त्यांच्या काट्यावर एकदा दहा देशी पेलेट एकेक करून ठेवले. ग्रॅममध्ये दशांशानंतरचा दुसरा आकडाच बदलत होता. मग मॅचचे, म्हणजे स्पर्धेसाठी बनवलेले, दहा ठेवले, तर फक्त तिसरा आकडा थोडा हलला. काका म्हणाले, "शिशाला एवढी किंमत देता, तर वजन तरी नीट घ्या." डब्यात बोट फिरवलंत तरी कळतं. काहींचा मागचा घेर चेपलेला असतो, काहींच्या कडेला शिशाचं कुसळ राहिलेलं असतं. घेर वाकडा असला की नळीच्या तोंडातून बाहेर पडताना हवेचा झोत एका बाजूने जास्त बसतो आणि पेलेट तिथेच भरकटतो.

त्याच्या वरची पायरी आरडब्ल्यूएस या जर्मन कंपनीच्या 'हॉबी' पेलेटची. वजन 0.45 ग्रॅम, म्हणजे हलका. स्प्रिंगच्या रायफलमध्ये छान चालतो आणि किमतीच्या मानाने फार प्रामाणिक पेलेट आहे. पीप साइट (बारीक भोकातून नेम धरायची) लावून सराव सुरू झाला, पण घरातलं बजेट अजून पक्कं नाही, अशांना मी हाच सांगतो.

खरी निवड मधल्या आणि वरच्या गटात करायची असते. मधल्या गटात आरडब्ल्यूएसचा माइस्टरकुगेल्न, एच अँड एन या दुसऱ्या जर्मन कंपनीचा साधा मॅच आणि चीनच्या क्यूवायएसचा मॅच ग्रेड. वरच्या गटात आरडब्ल्यूएसचा आर 10, एच अँड एनचा फिनाले मॅच आणि क्यूवायएसचा ऑलिम्पिक ग्रेड. रायफलसाठीचे हे पेलेट साधारण 0.53 ग्रॅमचे असतात. आर 10 आणि माइस्टरकुगेल्न 0.45 ग्रॅममध्येही येतात, पण ते पिस्तुलासाठी. डबे दिसायला सख्खे भाऊ, त्यामुळे घाईत पिस्तुलाचा डबा घरी येतो. लेबलावरचं वजन वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

वरच्या गटासाठी जादा पैसे मोजावेत का? इथे जरा हिशोब करू. रायफलच्या टार्गेटवर एका रिंगचं अंतर 2.5 मिलिमीटर. म्हणजे दशांश स्कोअरिंगमध्ये 0.1 गुण म्हणजे पाव मिलिमीटर. 10.9, म्हणजे एका शॉटचे सर्वाधिक गुण, मिळवायचे तर पेलेटचा मध्य केंद्रापासून पाव मिलिमीटरच्या आत पडला पाहिजे.

समजा, मधला पेलेट तुमच्या नळीतून सरासरी 1 मिलिमीटर विखुरतो आणि वरचा अर्धा मिलिमीटर. तुमचा हात वेगळा हलतो. या दोन चुका सरळ एकमेकींत मिळवायच्या नसतात. वर्ग करून मिळवायच्या आणि मग वर्गमूळ काढायचं, शाळेतल्या काटकोन त्रिकोणासारखं. नवीन नेमबाजाचा हात सरासरी 4 मिलिमीटर हलत असेल, तर मधल्या पेलेटने एकूण 4.12 आणि वरच्याने 4.03. साठ शॉट्सच्या मॅचमध्ये फरक जेमतेम 2 गुणांचा. हाच हात 1.3 मिलिमीटरवर आला, की मधल्याने 1.64 आणि वरच्याने 1.39. इथे फरक 6 गुणांचा होतो. 624 आणि 630 मध्ये किती माणसं उभी असतात, ते राज्य स्पर्धेचा निकाल बघितलेल्याला सांगावं लागत नाही.

म्हणून माझं मत असं: एका शॉटची गुणांची सरासरी दहाच्या खाली असेल तोवर आर 10 किंवा फिनाले घेणं म्हणजे पोहायला शिकताना ऑलिम्पिकचा पोशाख घालणं. तो पैसा जॅकेट, बूट आणि रेंजच्या फीमध्ये घाला. आठवड्यात चार दिवस ऐंशी शॉट मारले तर महिन्याला चौदाशेच्या आसपास पेलेट जातात, म्हणजे पाचशेचे जवळजवळ तीन डबे. डब्यामागे सहाशे रुपयांचा फरक धरला तर वर्षाला वीस हजारांवर जातो. माल परदेशातून येतो, त्यामुळे युरो हलला की भावही हलतो. आज ऐकलेला आकडा पुढच्या महिन्यात टिकेलच असं नाही.

सरासरी 10.2-10.3 झाली की मात्र कंजुषी महाग पडते. आणि तेव्हाही ब्रँडपेक्षा बॅच महत्त्वाची. हे मी नुकसान सोसून शिकलो. एकदा फोर्टातल्या एका दुकानातून वरच्या गटातला एक डबा आणला. नळीला असा जुळला की ग्रुप, म्हणजे लागोपाठच्या शॉटचा पुंजका, एकाच भोकात बसायचा. खूश होऊन पुढच्या महिन्यात त्याच नावाचे, त्याच डोक्याच्या मापाचे सहा डबे उचलले. स्कोअर घसरला. आधी हाताला दोष दिला, मग चष्मा बदलला, मग प्रशिक्षकांनी डबा उलटा करून दाखवला: बॅच नंबर वेगळा. सहा डबे सरावात संपवले, दुसरं काय करणार.

डोक्याचं माप हाही एक प्रकार आहे. 4.49, 4.50, 4.51 असे आकडे लेबलावर असतात. मोठं म्हणजे चांगलं असं काही नसतं. प्रत्येक नळीची स्वतःची आवड असते. तुमच्या शेजारच्या लेनवर 4.50 सोन्यासारखा चालतो म्हणून तुमच्याकडेही चालेल असं मुळीच नाही, रायफल एकाच कंपनीची असली तरी.

मग चाचणी कशी करायची? घरी करू म्हणाल तर मुंबईत सरळ दहा मीटर मोकळी जागा फक्त चाळीच्या गॅलरीत सापडते, आणि तिथे रायफल काढलीत तर शेजारच्या काकू आधी पोलिसांना बोलावतील. रेंजवरच करा. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवा, इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर उत्तम. प्रत्येक बॅचचे दहा-दहा शॉटचे तीन ग्रुप. पाच शॉटचा एक सुंदर ग्रुप बघून भुलू नका, तो योगायोगही असतो. बॅच बदलली की आधी दहा-पंधरा शॉट नुसते मारून द्या, मग मोजायला सुरुवात. ओळखीच्या तिघा-चौघांनी वेगवेगळ्या बॅचचा एकेक डबा आणून आपापसात वाटून घेतला तर खर्च फार होत नाही. जुळलेली बॅच मिळाली की मात्र त्याच आठवड्यात परत जा आणि त्याच नंबरचे दहा डबे घ्या, उधारी करावी लागली तरी.

अर्धा सराव स्वस्त पेलेटने आणि मॅच महागाने, अशी काटकसर बरेच जण करतात. मला ती पटत नाही. वजन आणि वेग बदलला की पेलेट लागण्याची जागा बदलते, साइट फिरवावी लागते आणि स्पर्धेच्या सकाळी डोक्यात नको तो गोंधळ. मधल्या गटातला एक पेलेट धरून सराव आणि मॅच दोन्ही त्यानेच, हे जास्त शहाणपणाचं.

घरी आणल्यावर जपायचं तेही इथलं वेगळं आहे. शिसं मऊ असतं. विरार लोकलच्या गर्दीत बॅग पोटाशी धरून आलात की डब्यातले पेलेट एकमेकांवर आपटतात. मी डब्यात वर फोमचा गोल तुकडा बसवतो आणि झाकणाला दोन रबर लावतो. पावसाळ्यात पेलेटवर पांढरट भुकटी धरते, तिचा हाताला स्पर्श नको. हवाबंद डबा, आत बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या, एवढं पुरतं. खराब झालेले पेलेट पुसून वापरत बसू नका. सराव संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही. आणि पेलेट दातात धरून रायफल भरायची सवय कुणा पोराला असेल तर त्याच दिवशी मोडा.

पुढच्या खेपेला दुकानात जाल तेव्हा जुना डबा फेकून न देता सोबत न्या. दुकानदार "सगळे सारखेच असतात" म्हणाला, तर मागचा नंबर त्याच्यासमोर धरा आणि आतल्या गोदामातून तोच काढायला लावा.