कॉम्प्युटरला काहीच झालं नव्हतं, तरी ११,८०० रुपये गेले

कॉम्प्युटर चालू असताना अचानक पडदाभर लाल पान उघडलं, मोठ्याने भोंगा वाजू लागला, 'तुमचा कॉम्प्युटर लॉक केला आहे, बंद करू नका' असा मजकूर आला आणि खाली फोन नंबर दिसला, तर तो नंबर लावू नका. माझ्या मामांनी लावला. पुढे काय घडलं ते त्यांना विचारूनच इथे सविस्तर लिहितेय, कारण त्यांना दाखवलेली प्रत्येक 'बिघाडाची खूण' तुमच्याही कॉम्प्युटरवर आत्ता या क्षणी आहे आणि ती तुम्हाला स्वतः बघता येते.

मामांचा टॉवेलचा धंदा आहे, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीजवळ. गोडाऊनच्या कोपऱ्यात टेबल, त्यावर जीएसटीची बिलं काढायचा कॉम्प्युटर. लग्नसराईच्या तोंडावर तो फार हळू चालायला लागला होता. एक बिल उघडायला चहा पिऊन होईल इतका वेळ लागायचा, मधेच आपोआप बंदही पडायचा. त्यातच प्रिंटरचा ड्रायव्हर शोधताना एका जाहिरातीवर क्लिक झालं आणि ते लाल पान आलं. मामांना ते लगेच खरं वाटलं, याचं कारण इथे आहे. कॉम्प्युटरला काहीतरी झालंय हे त्यांना आधीपासूनच जाणवत होतं. खोटं त्या खऱ्या त्रासावर जाऊन बसलं.

फोनवरचा माणूस हिंदीत, अत्यंत अदबीने बोलत होता. आपण मायक्रोसॉफ्टकडून बोलतोय असं त्याने सांगितलं. मामांकडून एनीडेस्क उतरवून घेतलं, त्यावरचा नंबर विचारला, परवानगीचं बटण दाबायला लावलं आणि माऊस त्याच्या ताब्यात गेला. एनीडेस्क हे स्वतः खोटं सॉफ्टवेअर नाही, दूरवरून कॉम्प्युटर चालवायला कितीतरी कंपन्या ते वापरतात. पण तो नंबर अनोळखी माणसाला देणं म्हणजे त्याला आपल्या खुर्चीवर बसवणं.

मग त्याने 'तपासणी' केली. आधी इव्हेंट व्ह्यूअर उघडून लाल आणि पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दाखवली. 'सर, हे सगळे व्हायरस.' ते व्हायरस नव्हते. विंडोज स्वतःच्या बारीकसारीक अडचणी त्या नोंदवहीत टिपून ठेवतं आणि अगदी नव्या कॉम्प्युटरवरही तिथे लाल-पिवळ्या खुणा सापडतात. स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर शोधा, डावीकडे कस्टम व्ह्यूजखाली ॲडमिनिस्ट्रेटिव्ह इव्हेंट्स उघडा. त्यात वारंवार दिसणारी एक नोंद म्हणजे डिस्ट्रिब्युटेडकॉम १००१६. तिच्याकडे खुशाल दुर्लक्ष करा, असं खुद्द मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलं आहे.

नंतर काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, जिथे कॉम्प्युटरला टाइप करून आज्ञा देतात. त्यात त्याने 'ट्री' ही कमांड दिली. पडद्यावरून ओळी भराभर सरकत राहिल्या आणि शेवटी इंग्रजीत 'हॅकर सापडला' असं उमटलं. 'ट्री' फक्त फोल्डरांची नावं छापते. शेवटचे शब्द त्याने स्वतःच टाइप केले होते. मग 'नेटस्टॅट' देऊन फॉरेन ॲड्रेस हा रकाना दाखवला आणि परदेशातली माणसं कॉम्प्युटरमध्ये शिरली आहेत असं सांगितलं. त्या रकान्यात जोडणीच्या पलीकडच्या टोकाचा पत्ता असतो. तुम्ही एखादी वेबसाइट उघडलीत तरी तिचा पत्ता तिथे येणारच.

सगळ्यात पक्का डाव म्हणजे 'असॉक' कमांडच्या यादीत तळाशी येणारा, ८८८ ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक. 'हा तुमच्या कॉम्प्युटरचा लायसन्स नंबर, आमच्याकडेही हाच नोंदला आहे, पडताळून बघा,' म्हणून त्याने तो एकेक अक्षर वाचून दाखवला. तंतोतंत जुळला. जुळणारच होता. तो क्रमांक जगातल्या सगळ्या विंडोज कॉम्प्युटरवर एकच आहे, फाइल झिप करून पाठवण्याच्या एका सोयीशी तो जोडलेला असतो. मामा म्हणतात, तोवर थोडी शंका होती, पण नंबर जुळल्यावर ती गेली.

पाच वर्षांच्या 'संरक्षणाचे' १०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ११,८०० रुपये यूपीआयने गेले. मेलवर बिलही आलं. ते बिल मी नंतर पाहिलं. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरं पॅनची. बिलावरच्या क्रमांकात १४च अक्षरं होती. जीएसटीच्या पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये कुणाचाही क्रमांक लॉगिन न करता तपासता येतो. यूपीआयवर नावसुद्धा कंपनीचं नव्हतं, एका व्यक्तीचं होतं. व्यापारी मंडळींनी हे दोन्ही आवर्जून बघावं. बिल आलं की माणूस निर्धास्त होतो आणि ही टोळी ते ओळखून आहे.

काही आठवड्यांनी पुन्हा फोन. कंपनी बंद होतेय, पैसे परत करायचे आहेत. एनीडेस्क कॉम्प्युटरवर तसंच राहिलं होतं. मामांना बँकेचं पान उघडायला लावलं, पडदा क्षणभर काळा झाला आणि खात्यातली शिल्लक एकदम वाढलेली दिसली. पलीकडचा माणूस रडकुंडीला आला. 'सर, ११,८०० ऐवजी चुकून १,१८,००० गेले, वरचे १,०६,२०० परत पाठवा, नाहीतर माझी नोकरी जाईल.' मामा दयाळू आहेत. ते पाठवायला निघाले होते.

मामी शेजारीच टॉवेलचे गठ्ठे मोजत होत्या. त्या म्हणाल्या, 'अहो, पैसे जमा झाल्याचा मेसेज कुठे आलाय?'

मेसेज आला नव्हता, कारण पैसे आलेच नव्हते. ब्राउझरमध्ये एफ१२ दाबलं की समोरच्या पानावरचा कुठलाही आकडा आपल्या पडद्यापुरता बदलता येतो, बँकेच्या खात्यात काहीही बदलत नाही. पान रिफ्रेश केलं की खरी शिल्लक परत दिसते. त्यासाठीच तो 'रिफ्रेश करू नका, व्यवहार अडकेल' असं सारखं बजावत होता. मामींनी मागून इंटरनेटची वायर उपटली आणि मला फोन केला. लाखभर रुपये वाचले ते त्यांच्या त्या एका प्रश्नामुळे.

मी गेल्यावर आम्ही एनीडेस्क काढून टाकलं, बँकेचा आणि मेलचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलला, बँकेला कळवलं, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार दिली आणि शहरच्या सायबर पोलीस ठाण्यात कागदपत्रं नेऊन दिली. आधीचे पैसे अजून परत आलेले नाहीत. १९३० वर तासाभरात फोन गेला तर पैसे पुढे काढले जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता बरीच जास्त असते. बँकेला लगेच कळवण्यालाही कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असं ठरवलं होतं की, ग्राहकाने स्वतः माहिती दिल्यामुळे झालेलं नुकसान त्याने बँकेला कळवेपर्यंत त्याचंच, कळवल्यानंतरचं बँकेचं.

आता कॉम्प्युटरचं खरं दुखणं. मी डबा उघडला तेव्हा प्रोसेसरवरच्या पंख्यात टॉवेलचं तूस अक्षरशः नमद्यासारखं दाटून बसलं होतं. हवा जायला जागाच नव्हती. प्रोसेसर तापला की तो आपला वेग कमी करतो, आणखी तापला तर कॉम्प्युटर बंद पडतो. वीज काढून, पंखा बोटाने धरून ठेवून (तो गरगर फिरू देऊ नका) ब्लोअर आणि मऊ ब्रशने साफ केला. मशीन मधेच बंद पडायचं थांबलं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत शंभर टक्के दाखवत होती, कारण जुनी फिरती हार्ड डिस्क होती. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली आणि बिलं चटकन उघडायला लागली. सोलापुरात यंत्रमाग, शिलाई, टॉवेल, चादरी यांच्याजवळ ठेवलेला प्रत्येक कॉम्प्युटर अधूनमधून उघडून साफ करायला हवा. उन्हाळ्यात तर नक्कीच.

ते लाल पान पुन्हा आलं तर एस्केपची कळ दाबून धरा. नाही गेलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजरमध्ये ब्राउझर निवडा आणि एंड टास्क करा. ब्राउझर परत उघडताना आधीची पानं परत आणायची का असं विचारेल, तिथे नको म्हणा. कोपऱ्यात 'व्हायरस सापडला' अशा चौकटी येत असतील, तर ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स बघा. कधीतरी 'अलाउ' दाबलेली एखादी साइट तिथे सापडेल, ती काढून टाका. तरी मनात शंका असेल तर विंडोज सिक्युरिटीत डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन लावा. ते फुकट आहे आणि आधीपासून कॉम्प्युटरवर असतं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो.

सध्या मामांच्या ओळखीतल्या दुकानदारांना वेगळे फोन येताहेत, 'तुमचं विंडोज १० बंद झालंय, चालू ठेवायचे पैसे भरा' म्हणून. विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं आहे. पण त्यामुळे कॉम्प्युटर बंद पडत नाही आणि त्यासाठी मायक्रोसॉफ्ट कुणाला फोनही करत नाही. घरगुती कॉम्प्युटरला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळण्याची सोय सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर आहे. नोंदणी तिथूनच स्वतः करा. असा फोन आलाच तर ठेवून द्या आणि तो नंबर सरकारच्या दूरसंचार विभागाच्या संचारसाथी पोर्टलवर, संशयास्पद फोन कळवण्याच्या 'चक्षू' या सोयीत, कळवा.