बागेच्या ट्रॅक्टरचे हीटर प्लग बदलले, त्यानंतरचे चार महिने

निफाड तालुक्यातील थंडीची बातमी दर डिसेंबरात वर्तमानपत्रात येते, कारण कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदवलेले किमान तापमान बहुतेक वेळा राज्यातील सर्वांत कमी तापमानांपैकी एक असते. द्राक्षबागायतदाराला मात्र ती बातमी छापून येण्याआधीच ट्रॅक्टर कळवतो. वारा पडलेला असतानाच फवारणी उरकायची म्हणून पहाटे साडेपाचला ब्लोअर जोडावा, तर सेल्फ फिरत राहतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि इंजिन काही पेट घेत नाही.

माझा ट्रॅक्टर दोन ओळींतून सहज जाणारा, तीन सिलिंडरचा आणि १८ अश्वशक्तीचा आहे. त्याच्या इंजिनात डिझेल आधी सिलिंडरच्या डोक्यातील एका छोट्या कक्षात फवारले जाते. त्या कक्षाच्या गार भिंती दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घेतात, म्हणून प्रत्येक कक्षात बारा व्होल्टचा एक हीटर प्लग असतो. तो पेटला नाही की न जळलेले डिझेल पांढरा धूर होऊन बाहेर पडते. मागील दोन हिवाळे आम्ही हवेच्या नळीपाशी पेटता काकडा धरून वेळ मारून नेली. तो प्रकार एअर फिल्टरलाच नव्हे, तर शेडलाही धोक्याचा आहे. कॅनडासारख्या देशांत इंजिनाच्या ब्लॉकमध्येच घरच्या विजेवर चालणारा हीटर बसवून रात्रभर कूलंट कोमट ठेवतात, आणि तसा मागवण्याचा विचार मीही केला होता. पण आमच्या पाच-सहा अंशांना तो उपाय जरुरीपेक्षा मोठा, शिवाय शेतीची वीज कोणत्या पाळीला असेल यावर पहाटेचे इंजिन अवलंबून ठेवणे मला पटले नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी प्लग तपासले. तिन्ही प्लग एकाच पितळी पट्टीने जोडलेले असतात, त्यामुळे पट्टी न काढता मल्टीमीटर लावल्यास एक चांगला प्लग दोन मेलेल्या प्लगांचे दोष झाकतो. ही चूक मी आदल्या वर्षी केली होती. पट्टी काढल्यावर एका प्लगचा रोध सुमारे एक ओहम आला आणि उरलेल्या दोन प्लगांचे सर्किट तुटलेले निघाले. प्लग काढण्याचे काम घाईचे नाही. टोकाशी कार्बन साचून ते आट्यांत घट्ट बसतात आणि गार इंजिनावर जोर केल्यास प्लग मध्येच तुटून डोके उतरवण्याची पाळी येते, म्हणून आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडले, सकाळी इंजिन गरम करून घेतले आणि पाना थोडा पुढे, थोडा मागे असा फिरवत ते सोडवले. नवे प्लग जुन्याच व्होल्टचे आणि त्याच लांबीचे घेतले. आट्यांना टेफ्लॉन टेप लावली नाही, कारण प्लगला अर्थ, म्हणजे विजेची परतीची वाट, त्या आट्यांतूनच मिळते.

पहिले सहा आठवडे अनुभव उत्तम होता. चावी १५ सेकंद हीटवर धरली की दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच इंजिन पकडत असे. जानेवारीच्या मध्यावर मधला प्लग गेला आणि मी प्लगला व तो विकणाऱ्या नाशिकच्या दुकानदाराला दोष देऊन मोकळा झालो. तो दोष चुकीचा होता, हे मान्य केले पाहिजे. त्याच काळात दोन वेळा बॅटरी विनाकारण उतरली होती, आणि त्या दोन गोष्टींचा संबंध मला नव्हे, तर पिंपळगावच्या मेकॅनिकला सुचला. त्याने इंजिन सुरू असताना पट्टीला टेस्ट लॅम्प लावला आणि तो लख्ख पेटला. रिलेचे, म्हणजे प्लगांची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विद्युत स्विचचे, संपर्क गरम झाल्यावर चिकटत होते व गार झाल्यावर आपोआप सुटत होते. तोवर प्लग विनाकारण जळत राहत, तेही अल्टरनेटरच्या चढ्या व्होल्टवर. रिले आणि तो एक प्लग बदलल्यापासून तक्रार नाही. तिन्ही प्लग मिळून तीसेक अँपिअर ओढतात, त्यामुळे रिलेपर्यंतची बारीक, काळवंडलेली तारही त्याने जाड घातली, आणि माझ्या मते निम्मा फरक त्या तारेनेच पडला.

देखभाल फारशी नाही: महिन्यातून एकदा पट्टीचे नट आवळणे, बॅटरीच्या टोकांवरील पांढरी पूड गरम पाण्याने धुणे, आणि सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त न मारणे. ईथरचा स्प्रे मात्र हीटर प्लगच्या इंजिनात कधीही मारू नये. तापलेल्या टोकाशी त्याचा भडका उडून पिस्टन फुटू शकतो.

एक उणीव आहे. डॅशबोर्डवरील हीटरचा दिवा ठरलेल्या वेळेनंतर विझतो. प्लग जिवंत आहेत की नाहीत, याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. म्हणून मी पट्टीपासून वेगळी तार काढून स्टिअरिंगजवळ एक लहान दिवा बसवला आहे. इंजिन सुरू होऊन चावी सोडल्यावरही तो पेटलेला दिसला, तर इंजिन बंद करून बॅटरीची अर्थची तार काढायची, असे घरातील सर्वांना सांगून ठेवले आहे.