रात्री दहा ते सकाळी सहा: मध्यरात्र ओलांडणारी वेळ डेटाबेसमध्ये कशी ठेवायची?

चाकण-भोसरीच्या अनेक कारखान्यांत तिसरी पाळी रात्री दहाला लागते आणि सकाळी सहाला सुटते. हिंजवडी-खराडीत न्यूयॉर्कच्या वेळेवर चालणारी टीम उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाला बसते आणि पहाटे साडेतीनला उठते. पाळी एक, तारखा दोन. टेबलात मात्र ‘सुरुवात २२:००’ आणि ‘शेवट ०६:००’ एवढंच असतं आणि क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) सरळ लिहिलं जातं:

वेळ बिटवीन सुरुवात अँड शेवट

उत्तरात एकही ओळ येत नाही, आणि एररही येत नाही. बावीसच्या पुढची आणि सहाच्या आतली अशी वेळ घड्याळात नाहीच, त्यामुळे डेटाबेसच्या दृष्टीने क्वेरी बरोबर आणि उत्तर शून्य. पोस्टग्रेस या डेटाबेसमधलं ‘बिटवीन सिमेट्रिक’ यावरचा उपाय वाटू शकतं. ते दोन्ही टोकं आधी लहान-मोठी लावून घेतं, म्हणजे सहा ते बावीस तपासतं. रात्रपाळी मागितली की नेमका दिवस हातात येतो. शून्य ओळींपेक्षा हे जास्त घातक, कारण रिपोर्ट भरलेला दिसतो आणि कोणाला शंका येत नाही.

यावर चार-पाच रस्ते आहेत. कुठला घ्यायचा ते एका प्रश्नावर ठरतं: टेबलातली वेळ हा नियम आहे की घडलेली घटना? ध्वनिप्रदूषण नियम, २०००मध्ये रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६, असं धरलं आहे. हा नियम. त्याला तारीख नाही, तो रोज लागू होतो. ‘अमुक कामगार १४ मार्चला २१:५२ला आत आला’ ही घटना. तिला तारीख आहेच, ती टाकून नुसती वेळ ठेवण्याचं काही कारण नाही. पुढची सगळी तुलना या फरकाभोवती आहे.

फक्त वेळ, आणि अटीत ‘ऑर’

जुनं टेबल बदलता येत नसेल, तर पहिला पर्याय हाच:

(सुरुवात < शेवट अँड वेळ >= सुरुवात अँड वेळ < शेवट)
ऑर
(सुरुवात > शेवट अँड (वेळ >= सुरुवात ऑर वेळ < शेवट))

यातला सगळा जीव आतल्या कंसात आहे. ‘अँड’ हा ‘ऑर’च्या आधी सोडवला जातो. आतला कंस राहिला, तर ‘वेळ < शेवट’ ही अट मोकळी सुटते आणि प्रत्येक पाळीला लागू होते. पहिली पाळी ६ ते १४, दुसरी १४ ते २२ आणि तिसरी २२ ते ६ धरा. पहाटे तीनला विचारलं की तीन ही चौदाच्या आत, बावीसच्या आत आणि सहाच्याही आत, म्हणून तिन्ही पाळ्या चालू दिसतात. शेवटाला ‘<=’ नको, ‘<’च हवं. नाहीतर सहाच्या ठोक्याला तिसरी आणि पहिली अशा दोन पाळ्या मिळतात.

या पर्यायाची खरी अडचण वार आली की कळते. नियम ‘शनिवार, २२:०० ते ०६:००’ असेल, तर रविवारी पहाटे दोनला आजचा वार रविवार निघतो आणि नियम लागू होत नाही. मध्यरात्रीनंतरच्या भागाला कालचा वार लावावा लागतो:

(वार = आजचा अँड वेळ >= सुरुवात) ऑर (वार = कालचा अँड वेळ < शेवट)

ही अट फक्त रात्रीच्या नियमांसाठी आहे, दिवसाच्या नियमांची वेगळी. दोन्ही एकत्र केल्या की क्वेरी लांबते, आणि सहा महिन्यांनी ती वाचणाऱ्याचे हाल होतात.

सुरुवात आणि शेवट एकच असतील तर? सकाळी आठ ते सकाळी आठ, अशी चोवीस तासांची ड्यूटी वरच्या अटीत कुठेच बसत नाही. ती चोवीस तास की शून्य तास, हे दोन वेळांवरून ठरवताच येत नाही.

सुरुवात आणि कालावधी

म्हणून नियमांसाठी आमची पसंती या पर्यायाला. शेवटाची वेळ ठेवायचीच नाही. सुरुवात मध्यरात्रीपासूनच्या मिनिटांत आणि कालावधीही मिनिटांत. तिसरी पाळी म्हणजे सुरुवात १३२०, कालावधी ४८०. अट एका ओळीत संपते (% म्हणजे भागाकाराची बाकी):

(वेळ - सुरुवात + १४४०) % १४४० < कालावधी

रात्री सव्वादोन म्हणजे १३५. त्यातून १३२० वजा, अधिक १४४०, येतात २५५. ४८०च्या आत, म्हणजे पाळीत. सकाळी सहा म्हणजे ३६०. उत्तर बरोबर ४८०, म्हणजे पाळी संपली. दिवसाच्या आणि रात्रीच्या पाळीला सूत्र एकच. चोवीस तासांची ड्यूटी म्हणजे कालावधी १४४०. शंकेला जागा नाही.

‘+ १४४०’ गाळायचं नाही. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर या तिन्ही डेटाबेसमध्ये ऋण संख्येला भागून उरणारी बाकी ऋणच येते. दुपारी दोनला ८४० वजा १३२० म्हणजे उणे ४८०, आणि उणे ४८० हे ४८०पेक्षा लहान. सबंध दिवस रात्रपाळीत जमा होतो.

दोन नियम एकमेकांवर चढतात का, हेही इथे सोपं आहे. ‘ख’ची सुरुवात ‘क’च्या सुरुवातीपासून याच सूत्राने मोजून ‘क’च्या कालावधीत पडते का, किंवा उलट, एवढंच बघायचं. ‘ऑर’च्या पद्धतीत हीच तपासणी चार शक्यतांमध्ये फुटते. उणी बाजू एकच: स्क्रीनवर ‘शेवट’ दाखवायला आणि भरून घ्यायला रूपांतर करावं लागतं. काम छोटं आहे, पण फॉर्म लिहिणाऱ्याला आधी सांगायला हवं.

मध्यरात्री तोडून दोन ओळी

२२:०० ते २४:०० एक ओळ, ००:०० ते ०६:०० दुसरी. तुलना साधी राहते, वाराची भानगड मिटते. मात्र पाळ्या मोजल्या की दुप्पट येतात, एक ओळ बदलून दुसरी विसरली की पाळी अर्धवट होते, आणि २४:०० कसं लिहायचं हा प्रश्न राहतो. पोस्टग्रेसचा ‘टाइम’ २४:०० घेतो, एसक्यूएल सर्व्हरचा घेत नाही. मग लोक २३:५९:५९ लिहितात आणि शेवटच्या सेकंदातला पंच (हजेरी मशीनवरची नोंद) गळतो. एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या ‘डेटटाइम’मध्ये २३:५९:५९.९९९ लिहिलं तर ते जवळच्या आकड्याला गोल होऊन थेट दुसऱ्या दिवसाचे ००:०० होतात. दुकानाच्या किंवा हॉटेलच्या उघड्या वेळा दाखवण्यापुरता हा पर्याय चालेल. पगार, भत्ता, मोजणी यांसाठी नको.

तारखेसकट पूर्ण वेळ

घटनांसाठी दुसरं काही शोधू नये. ‘१४ मार्च २२:००’ ते ‘१५ मार्च ०६:००’ असं ठेवलं की मध्यरात्र ही अडचणच उरत नाही (क्षण म्हणजे तारखेसकट वेळ):

सुरुवात <= क्षण अँड क्षण < शेवट

दोन नोंदी एकमेकांवर चढतात का, हे ‘क.सुरुवात < ख.शेवट अँड ख.सुरुवात < क.शेवट’ एवढ्यात कळतं. महिनाअखेर, ३१ डिसेंबर, रविवार यांची वेगळी काळजी लागत नाही.

वेगाचा मुद्दाही इथेच. कॉलमवर फंक्शन लावून त्यातली वेळ काढली की त्या कॉलमचा साधा इंडेक्स (शोध लवकर लागावा म्हणून ठेवलेली सूची) कामाला येत नाही, आणि काही कोटी पंचांच्या टेबलात ते लगेच जाणवतं. एका रात्रीचे पंच हवे असतील, तर ‘क्षण >= १४ मार्च २२:०० अँड क्षण < १५ मार्च ०६:००’ लिहावं. महिनाभराच्या रात्री हव्या असतील, तर रात्रींची छोटी यादी तयार करून तिच्याशी टेबलाचा जॉइन (जोडणी) करावा.

पोस्टग्रेस वापरणाऱ्यांना आवृत्ती ९.२पासून रेंज प्रकार मिळाला आहे. सुरुवात-शेवट एका कॉलममध्ये, आणि एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट लावला की एकाच माणसाला एकमेकांवर चढणाऱ्या दोन पाळ्या डेटाबेसच देऊ देत नाही. त्यासाठी बीट्री-जिस्ट हे एक्स्टेन्शन चालू करावं लागतं, कारण कामगार क्रमांकाची समानता आणि वेळेचं आच्छादन एकाच इंडेक्समध्ये तपासायचं असतं. रेंज डावीकडे बंद आणि उजवीकडे उघडी ठेवावी, म्हणजे सुरुवातीचा क्षण धरून आणि शेवटाचा वगळून. दोन्हीकडे बंद ठेवली, तर दोनला संपणारी आणि दोनलाच सुरू होणारी पाळी टक्कर म्हणून नाकारली जाते, आणि सलग दोन पाळ्या करणाऱ्याची नोंदच होत नाही.

हजेरीत नक्की काय बिघडतं

पगाराच्या तक्रारी इथूनच येतात. रोज रात्रपाळी करणाऱ्याचे पंच असे: आत २१:५२, बाहेर दुसऱ्या दिवशी ०६:११. काम ८ तास १९ मिनिटं. रिपोर्टची क्वेरी तारखेनुसार गट पाडते आणि गटातला सर्वांत लहान पंच ‘आत’, सर्वांत मोठा ‘बाहेर’ धरते. त्या तारखेचा लहान पंच म्हणजे कालच्या पाळीचं बाहेर पडणं, ०६:११. मोठा म्हणजे आजच्या पाळीला आत येणं, २१:५२. रिपोर्ट सांगतो १५ तास ४१ मिनिटं. घरी झोपलेल्या वेळेचा ओव्हरटाइम लागतो आणि प्रत्यक्ष कामाची रात्र हिशेबातून गायब होते.

नेहमीचा उपाय म्हणजे क्षणातून काही तास वजा करून मग तारीख काढणं. फक्त रात्रपाळीच असलेल्या ऑफिसला बारा तास वजा केले की पुरतं, कारण दुपारी बाराला कोणी पंच करत नाही. तीन पाळ्यांच्या कारखान्यात हे जमत नाही. सहा तास वजा केले, तर ०६:११चा पंच पुढच्या दिवसात जातो. आठ तास वजा केले, तर पहिल्या पाळीवाल्याचा ०५:५०चा पंच मागच्या दिवसात पडतो. सगळ्यांना चालेल अशी एक रेघ तिथे नाहीच. प्रत्येक पंच त्या कामगाराच्या रोस्टरमधल्या (पाळ्यांच्या वेळापत्रकातल्या) पाळीशी जोडावा: पाळी सुरू होण्याच्या दोन तास आधीपासून ती संपल्यावर चार तासांपर्यंतची खिडकी, आणि एक पंच दोन खिडक्यांत पडला तर ज्या पाळीचं टोक जवळ ती पाळी. असा जोडून झाल्यावर ‘पाळीची तारीख’ वेगळ्या कॉलममध्ये लिहून ठेवावी. दर रिपोर्टमध्ये नव्याने काढली, तर हजेरी, उत्पादन आणि कॅन्टीन यांच्या तारखा एकमेकांशी जुळत नाहीत.

रात्रभत्त्याचे तास काढताना घटना आणि नियम एकत्र येतात. ड्यूटी पहाटे ४ ते दुपारी १२, रात्र म्हणजे २२ ते ६. फक्त त्याच तारखेला सुरू होणारी रात्र तपासली, तर उत्तर शून्य. आदल्या तारखेची रात्रही घेतली, तरच हक्काचे दोन तास सापडतात. ड्यूटी ज्या ज्या रात्रींना शिवते त्या सगळ्या घ्याव्यात, आणि प्रत्येकीत दोन शेवटांपैकी आधीच्यातून दोन सुरुवातींपैकी नंतरची वजा करावी. ऋण आलं तर शून्य.

‘सगळं यूटीसीत ठेवा’ हा सल्ला

क्षण साठवायला यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) योग्यच. पण त्याने मध्यरात्र सुटते असं नाही. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे २२:०० ते ०६:०० ही पाळी यूटीसीत १६:३० ते ००:३० होते, म्हणजे तिथेही मध्यरात्र ओलांडतेच. शिवाय यूटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरची ‘आजची तारीख’ आपल्या पहाटे साडेपाचला बदलते. तिसरी पाळी सुटायला अर्धा तास असताना डॅशबोर्ड शून्यावर जातो तो यामुळे. तारीख किंवा वेळ काढण्यापूर्वी क्षण ‘एशिया/कोलकाता’ झोनमध्ये आणावा. पोस्टग्रेसमध्ये याचा आणखी एक फायदा आहे: झोनसकट क्षणातून थेट वेळ काढणाऱ्या अभिव्यक्तीवर इंडेक्स बनत नाही, झोनचं नाव स्पष्ट लिहिलं की बनतो.

न्यूयॉर्कच्या नऊ ते सहाला बांधलेली पाळी मात्र पुण्याच्या वेळेत साठवू नये. आपल्याकडे घड्याळ बदलत नाही, त्यांच्याकडे मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतं. साडेसहाची पाळी हिवाळ्यात साडेसातची होते. नियमात तिथली वेळ आणि तिथल्या झोनचं नाव ठेवावं, आणि त्या त्या दिवसाचा क्षण त्यावरून काढावा.

डेटाबेसप्रमाणे पडणारे फरक

मायएसक्यूएलचा ‘टाइम’ ८३८:५९:५९पर्यंत जातो, त्यामुळे शेवट ३०:०० असाही लिहिता येतो. बसच्या वेळापत्रकांसाठी वापरला जाणारा जीटीएफएस हा नमुनाही मध्यरात्रीनंतरच्या फेरीला २५:३५:०० असंच लिहितो, म्हणजे रातराणी बसची फेरी आदल्या दिवसाच्याच खात्यात राहते. फक्त तुलना करताना ०२:१५चे २६:१५ करून घ्यायला विसरू नये. ओरॅकलमध्ये नुसत्या वेळेचा प्रकारच नाही. तिथे मिनिटांची संख्या सर्वांत बरी. एसक्यूलाइटमध्ये वेळ बहुधा मजकूर म्हणून ठेवतात, आणि मजकुरात ‘९:३०’ हे ‘२२:००’पेक्षा मोठं ठरतं. शून्य लावून ‘०९:३०’च लिहावं.

जुनं टेबल हलवताना

फक्त वेळ असलेल्या नोंदी पूर्ण क्षणात आणताना सुरुवातीला नोंदीची तारीख लावावी, आणि शेवट सुरुवातीपेक्षा लहान असेल तर त्याला एक दिवस जास्त. शेवट आणि सुरुवात समान असलेल्या ओळी आपोआप बदलू नयेत. त्या वेगळ्या काढून टाइम ऑफिसकडून एकेक तपासून घ्याव्यात, कारण त्यांत चोवीस तासांच्या ड्यूट्याही असतात आणि पंच दोनदा दाबून झालेल्या चुकाही. नोंदीची तारीख पाळीची आहे की पंच बाहेर पडतानाची, हे आधी पाच-दहा ओळींवर पडताळावं. मशीन बदललेलं असेल, तर त्या दिवसाच्या अलीकडे आणि पलीकडे वेगवेगळं. हलवून झालं की प्रत्येक पाळीसाठी २१:५९:५९, २२:००:००, २३:५९:५९.५, ००:००:००, ०५:५९:५९ आणि ०६:००:०० हे सहा क्षण चालवून बघावेत, आणि प्रत्येकाला तीनपैकी नेमकी एकच पाळी मिळते ना, ते मोजावं.