सुंदरबनात भात की कोळंबी?

बांधाआडच्या जमिनीत गोडं पाणी ठेवून भात लावायचा, की बांध फोडून खारं पाणी आत घेत कोळंबी पोसायची? भारत आणि बांगलादेश, दोन्हीकडच्या सुंदरबनात हा प्रश्न पोटाचा आहे.

भाताला पावसाचं पाणी पुरतं, घरात खायला धान्य येतं, पेंढ्यावर गुरं जगतात. पण बांध फुटला की सगळं गेलं. मे २००९ मध्ये आयला वादळात खारं पाणी शेतांत शिरलं आणि कित्येक जमिनी पुढची काही वर्षं नापीक राहिल्या. खारेपणा सोसणारे भाताचे वाण आता पुन्हा लावले जातात, उत्पन्न थोडं कमी असलं तरी.

कोळंबीला खाऱ्या पाण्याचं भय नाही आणि रोख पैसा हातात येतो, हे खरंच. मात्र पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणूजन्य रोग आला तर काही दिवसांत तळं रिकामं होतं. शिवाय खारं पाणी शेजाऱ्याच्या शेतात, पिण्याच्या तळ्यात झिरपतं. माणसंही कमी लागतात, म्हणजे भूमिहीनांची मजुरी बुडते. आणि कोळंबीचं बीज, म्हणजे तळ्यात सोडायची इवली पिल्लं? ते धरायला बायका कंबरभर पाण्यात, मगरींच्या खाडीत तासन्‌तास जाळं ओढतात. त्या जाळ्यात इतर माशांची पिल्लंही मरतात.

काही ठिकाणी पावसाळ्यात भात आणि कोरड्या दिवसांत कोळंबी घेतात. पाऊस मीठ धुऊन नेईल तिथेच हे जमतं. मोठ्या जमीनदाराला कोळंबी परवडेल. दोन-तीन बिघेवाल्याने भातच धरावा, असं मला ठामपणे वाटतं.